आधी सामान मोजा, मग कपाट

प्रश्न : आम्ही नुकतेच नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. पांढऱ्या भिंती, सरळ रेषा, सगळं छान आहे. पण सामान ठेवायला जागाच नाही. मला पहिल्यापासून जुन्या फर्निचरची ओढ. एका दुकानात तीन वस्तू बघून ठेवल्या आहेत. एक, आरसा जडवलेलं दोन दारांचं सागवानी कपाट (रुंदी १२० सेंमी, खोली ४८, उंची २००). दुसरा, निमुळत्या पायांचा लांब, बुटका साइडबोर्ड (१८० बाय ४५, उंची ७५). त्याला मध्ये तीन ड्रॉवर आणि दोन्हीकडे सरकती दारं आहेत, पण एका कोपऱ्यात व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) उचकटलंय. तिसरा, पितळी पट्ट्यांचा मोठा पेटारा. टीव्ही, राउटर, कागदपत्रांच्या फायली, पांघरुणं आणि तीन वर्षांच्या मुलीची खेळणी, एवढं सगळं कुठेतरी बसवायचं आहे. दुकानदार म्हणतो कपाट शंभर वर्षांचं आहे. नवरा म्हणतो मॉड्युलर करून टाकू. सासूबाईंना भीती आहे की जुन्या लाकडातून घरात कीड येईल. तिन्ही घ्यावं की एकच? आणि कपाटाला पांढरा रंग दिला तर ते खोलीत शोभेल का?

उत्तर : तुम्ही कपाट आणि साइडबोर्डची मापं अगदी काटेकोर कळवली आहेत, पण त्यांत जे ठेवायचं आहे त्यातल्या एकाही गोष्टीचं माप पत्रात नाही. जुनं फर्निचर घेताना बहुतेकांचं इथेच बिनसतं. दुकानात आपण ते बाहेरून बघतो आणि घरी आल्यावर वापरतो आतून. त्यामुळे दुकानात पुन्हा जाण्याआधी एक संध्याकाळ घरीच टेप घेऊन बसा. सर्वांत जाड रजईची घडी, फाइल, टीव्ही, खेळण्यांचा डबा, सगळं मोजा. लांबी, रुंदी, उंची, आणि पुस्तकं असतील तर वजनही, कारण उभ्या लावलेल्या पुस्तकांची एक मीटर रांग सहज तीस किलोच्या आसपास भरते आणि लांब फळी त्याने मध्ये झुकते.

आता तुमचं कपाट घ्या. बाहेरून ४८ सेंमी खोल आहे. त्यातून दाराची जाडी आणि पाठीची फळी वजा केली की आत ४४च्या आसपास उरतात. साधा हँगर ४२ ते ४५ सेंमी रुंद असतो आणि त्यावर कोट किंवा जाड शर्ट चढला की बाह्यांसकट ५५ ते ६० सेंमी जागा लागते. म्हणजे नेहमीसारखा आडवा दांडा लावून त्यावर हँगर अडकवले तर दार लागणार नाही. यात कपाटाचा काही दोष नाही. जुन्या कपाटांतली कित्येक बनवली तेव्हा कपडे घडी करून फळ्यांवर ठेवायचे किंवा आतल्या आकड्यांना लटकवायचे. तेवढ्यासाठी ही खोली पुरेशी होती. हँगरच हवे असतील तर समोरून मागे जाणारा छोटा दांडा बसवता येतो, त्यावर पाच-सहा कपडे दाराकडे तोंड करून राहतात. पण मला विचाराल तर हे कपाट पांघरुणांसाठी आणि घडीच्या कपड्यांसाठी उत्तम आहे. आत फळ्या वाढवा, मात्र मूळ बाजूंना खिळे न ठोकता. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या टेकवून त्यांवर फळ्या ठेवता येतात. आतली रुंदी एक मीटरच्या वर आहे, त्यामुळे मध्ये एक उभा आधार द्यायला विसरू नका.

दार उघडायची जागाही मोजा. दोन दारं, म्हणजे प्रत्येक ६० सेंमीचं. ते पूर्ण उघडून समोर माणसाला उभं राहायचं असेल तर कपाट आणि पलंग यांच्यात किमान एक मीटर मोकळा हवा. साइडबोर्डच्या सरकत्या दारांना समोर जागा लागत नाही. त्यांची अडचण वेगळी, एका वेळी अर्धाच भाग उघडा राहतो.

फायलींचं सोपं आहे. ए-फोर कागद २९.७ सेंमी उंच, कमानीच्या क्लिपची जाड फाइल ३२. कप्प्याची आतली उंची ३३-३४ असली की झालं. ए-फोरचं हे माप जर्मनीत १९२२ साली ठरलं आणि मग जगभर पसरलं. त्याआधीचा फुलस्केप कागद याहून लांब होता, त्यामुळे जुन्या कचेऱ्यांतली लाकडी फाइल-कपाटं आजच्या कागदांना सहसा लहान पडत नाहीत. कधी अशी चार खणांची उभी फाइल-पेटी दिसली तर बघून ठेवा, कागदपत्रांना तिच्याइतकं सोयीचं जुनं फर्निचर मला दुसरं माहीत नाही.

साइडबोर्डवर टीव्ही ठेवायचा विचार चांगला आहे. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२२ सेंमी, उंची ७०च्या आतबाहेर. १८० सेंमीच्या फळीवर तो आरामात बसेल, पण पडद्याचा मध्य जमिनीपासून ११५-१२० सेंमीवर जाईल. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण १०० ते ११० सेंमीवर असतात. थोडी मान वर होईल. सोफा लांब असेल तर चालून जातं, जवळ असेल तर रोज रात्री जाणवेल. दुकानात जाण्याआधी घरी पुठ्ठ्याचा तुकडा त्या उंचीवर भिंतीला चिकटवून दोन संध्याकाळी त्याच्याकडे बघत बसा. हसू येईल, पण पैसे वाचतील.

राउटर साइडबोर्डच्या आत ठेवायला हरकत नाही. लाकडातून सिग्नल जातो (लोखंडी कपाटात मात्र तो कोंडतो). उष्णता कोंडू नये म्हणून एखादं दार थोडं सरकवून ठेवा. रिमोटचा किरण बंद दारातून जात नाही, म्हणून सेट-टॉप बॉक्स उघड्या भागात असू दे. केबलसाठी पाठीला भोक पाडायची वेळ आली की लोक सरळ ड्रिल लावतात. तसं करू नका. अशा साइडबोर्डची पाठ सहसा पातळ प्लायची असते आणि छोट्या खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी बसवलेली असते. तो एक तुकडा सोडवून घ्या, त्याच मापाचा नवा प्लाय कापून त्याला हवी तेवढी भोकं पाडा आणि मूळ तुकडा पलंगाखाली जपून ठेवा. उद्या विकायचा झाला तर साइडबोर्ड होता तसा परत उभा राहतो.

आता दुकानात काय बघायचं. सोबत मोबाइलचा टॉर्च, टेप आणि एक छोटा लोहचुंबक न्या. पुढून कितीही देखणं दिसलं तरी पहिल्यांदा एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि उजेडात धरा. दुकानदार जरा चपापेल, चपापू दे. ड्रॉवरची पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे भेटतात तो कोपरा बघा. तिथे पंख्यासारखे पसरट दात एकमेकांत अडकलेले दिसले तर तो डव्हटेल सांधा. ओढताना तो सुटत नाही, म्हणूनच ड्रॉवरसाठी वापरतात. दात थोडे लहानमोठे, मधली अंतरं किंचित कमीजास्त आणि कडेला सुताराने आखणी केलेली बारीक रेघ असेल, तर ते हाताचं काम. सगळे दात तंतोतंत सारखे असतील तर यंत्राचं. यंत्राचं म्हणून वाईट नाही, तो सांधाही तितकाच टिकतो. वाईट ते, जिथे सांधाच नाही, नुसते खिळे आणि वर लांबी (पुट्टी) भरलेली.

मग ड्रॉवरच्या तळाची खालची बाजू. चांगल्या सुताराने तळाची फळी खाचेत मोकळी ठेवलेली असते, सरस लावून घट्ट केलेली नसते. हवेतल्या दमटपणाने लाकूड आडवं फुगतं-आकसतं. मोकळी फळी त्या हालचालीला वाट देते, घट्ट केलेली मधोमध तडकते. तशी तडकलेली दिसली तर घाबरू नका, ती दुरुस्ती किरकोळ आहे. बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडा मात्र नीट बघा. जुन्या ड्रॉवरला धातूचे चॅनेल नसतात, लाकूड लाकडावर घासत सरकतं. वर्षानुवर्षं वापरून ही कड झिजते आणि मग ड्रॉवर पुढून खाली वाकतो, तिरका अडकतो. झीज थोडी असेल तर मेण चोळलं की पुरतं. कड अर्धी खाल्लेली असेल तर सुताराकडून नवी पट्टी जोडून घ्यावी लागेल, तो खर्च भावात धरा. चॅनेल बसवून देतो असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. त्यासाठी ड्रॉवर बारीक करावा लागतो, आणि आपली जागा जाते ती जातेच.

झीज कुठे आहे हेही खूप सांगून जातं. खऱ्या वापराने ड्रॉवरची खालची कड, मुठीच्या भोवतालचं पॉलिश, किल्लीच्या भोकाच्या आसपासचा भाग आणि पायाचा पुढचा कोपरा झिजतो. पाठ, तळ, वरच्या फळीचा भिंतीकडचा भाग जसाच्या तसा राहतो. सगळीकडे सारखीच ओरखड्यांची आणि भोकांची नक्षी दिसली तर कोणीतरी साखळीने ठोकून वय चढवलंय असं समजा. आतल्या कच्च्या, पॉलिश न केलेल्या लाकडाचा रंग जुन्या वस्तूत एकसारखा मळकट-तपकिरी झालेला असतो. आतूनही डाग लावून काळं केलेलं असेल तर का, हे विचारा. आतून कोणी बघत नाही, मग तिथे रंग कशाला?

शंभर वर्षांच्या दाव्याकडे येऊ. स्क्रू बघा. प्लसच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आला. पाठीला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेली फळी) असेल तर ती १९६०च्या आधीची असू शकत नाही. एखादा स्क्रू किंवा एखादी पाठ नंतर बदललेली असू शकते, त्यावरून लगेच दुकानदाराला खोटं पाडू नका. पण बिजागऱ्या, पाठ, तळ, सगळीकडेच नवं सामान दिसलं तर 'शंभर वर्षं' फक्त भावात आहेत. पितळी मुठींना चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. आणि वयाचं खरं म्हणजे, तुम्ही संग्रहालय काढत नाही आहात. साठ वर्षांचं कपाट भक्कम असेल आणि शंभर वर्षांचं डळमळत असेल तर साठचं घ्या. वयासाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर मुठी, बिजागऱ्या, पाय, आरसा सगळं मूळचं असलं पाहिजे.

आरशाचं दार जड असतं. ते अर्धं उघडून सोडा. आपोआप पुढे-मागे सरकलं तर एक तर कपाट वाकडं उभं आहे किंवा बिजागऱ्या झुकल्यात. मग दाराची मोकळी कड खालून हलकेच उचला. खटखट हललं तर बिजागरीच्या स्क्रूंची भोकं सैल झाली आहेत. भोकात लाकडाची काडी सरस लावून ठोकायची आणि स्क्रू पुन्हा पिळायचा, अर्ध्या तासाचं काम. आरशावरचे काळे ठिपके मागच्या चांदीच्या थराला हवा-ओल लागल्याने येतात, ते जात नाहीत. ते बघवत नसतील तर दुसरा आरसा बसवून घ्या. मला स्वतःला ते आवडतात. चेहरा बघायला बाथरूममध्ये आहेच की आरसा.

साइडबोर्डच्या उचकटलेल्या व्हिनियरने तुम्ही बिचकलात, असं पत्रावरून वाटतं. व्हिनियर म्हणजे फसवणूक नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत डेन्मार्कमध्ये बनलेले सागवानी साइडबोर्ड जगभर नावाजले गेले, त्यातलेही बरेचसे व्हिनियरचेच आहेत. लांब, रुंद पृष्ठभागाला ते जास्त स्थिर राहतं. बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करून बघा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खाली सरस सुटलाय. एका कोपऱ्यातच असेल तर पॉलिशवाला सरस घालून, शिकंजा लावून एका दिवसात बसवतो. निम्म्या वरच्या फळीवर पोकळ वाजलं तर सोडून द्या. आणि तुकडा निघून पडला असेल तर दुकानात तो शोधा, नवा तुकडा जुळवणं कठीण असतं.

व्हिनियरवर यंत्राने पॉलिश पेपर मात्र कोणालाही मारू देऊ नका. त्या काळच्या कारखान्यात बनलेल्या व्हिनियरची जाडी बहुधा एक मिलिमीटरही नसते. एका जागी मशीन क्षणभर जास्त थांबलं की खालचा थर उघडा पडतो.

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला 'काही होत नाही हो' एवढं उत्तर पुरत नाही. लाकडाला भोकं दिसली म्हणजे कीड आत आहेच असं नाही. एक ते तीन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या बाहेर पडायच्या वाटा. अळी आत राहून वर्षानुवर्षं लाकूड खाते, मोठी झाली की भुंगा भोक पाडून उडून जातो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा तो निघून गेलेला असतो. आत आणखी कोणी उरलंय का, एवढंच शोधायचं. जुन्या भोकाच्या कडा काळवंडलेल्या आणि आत धूळ बसलेली असते. ताज्या भोकाची कड कोरी, फिकट, आणि खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला. वाळवीची एक जात कोरड्या लाकडातच राहते. तिच्या वाटेतून पीठ पडत नाही, बारीक दाणे पडतात. हातावर घेऊन भिंगातून पाहिलं तर एकेक दाणा सहा बाजूंचा दिसतो, जणू कोणी घासून केलेला. असे दाणे दिसले तर ती वस्तू घरात आणू नका, किंमत कितीही खाली आली तरी.

शंका असेल तर दुकानदाराला सांगून भोकं ब्रशने साफ करा, पेन्सिलने त्यांच्याभोवती गोल करा आणि कपाटाखाली काळा कागद पसरून काही आठवडे तसंच ठेवायला सांगा. नवा भुसा किंवा पेन्सिलीच्या गोलाबाहेर नवं भोक दिसलं तर आत जीव आहे. भुंगे बहुतेक उबदार महिन्यांत बाहेर पडतात, त्यामुळे थंडीच्या दिवसांत काही पडलं नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सागाच्या आतल्या, गडद गाभ्याला कीड सहसा लागत नाही. लागते ती कडेच्या फिकट लाकडाला, आणि जुन्या कपाटांत पाठ, तळ, आतल्या पट्ट्या नेमक्या त्याच लाकडाच्या किंवा दुसऱ्या स्वस्त लाकडाच्या असतात. म्हणून टॉर्च तिथे मारा. नव्या मॉड्युलरला धोका किती? भुंग्याला अंडी घालायला लाकडाची उघडी छिद्रं लागतात. लॅमिनेटने झाकलेल्या भागावर ती मिळत नाहीत, पण प्लायच्या उघड्या कडांवर मिळू शकतात. दुकानदार वरून औषध फवारून देतो म्हणाला तर त्यावर विसंबू नका, पॉलिशच्या थरातून ते आत जात नाही. बोरॅक्सवर्गीय औषध कच्च्या, पॉलिश नसलेल्या बाजूंनी मुरवावं लागतं. कीड जिवंत असेल तर जाणकाराकडून धुरी किंवा उष्णतेची प्रक्रिया हवी. त्याने आतली कीड मरते, पुढे नवी लागू नये याची हमी मिळत नाही.

कुबट वासाचं थोडक्यात. दारं उघडी टाकून मोकळ्या हवेत आठवडाभर ठेवलं की बहुतेक वास जातो. डांबरगोळ्यांचा वास लाकडात मुरलेला असेल तर तो फार चिवट, अशा कपाटात कपडे ठेवायचे असतील तर आतून लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा, वास त्याखाली बऱ्यापैकी दबतो.

पांढऱ्या रंगाबद्दल. नका देऊ. मी सहसा इतकं सरळ सांगत नाही, पण इथे सांगते. रंग लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि नंतर कितीही खरवडला तरी पूर्ण निघत नाही. शिवाय गडद कपाट पांढऱ्या भिंतीवरच उठून दिसतं. ते पांढरं केलंत तर शेजारच्या मॉड्युलरसारखं दिसेल, फक्त दारं जड असलेलं. कपाट निस्तेज वाटत असेल तर आधी त्यावर कसलं पॉलिश आहे ते बघा. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं, आणि लाखेच्या पॉलिशची मजा ही की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. खरवडायची गरज नाही, पॉलिशवाल्याने पुसून एक-दोन हात दिले की कपाट पुन्हा बोलायला लागतं. तुम्हाला हवी ती वस्तू आधीच रंगवलेली असेल तर मात्र सावध राहा. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. अमेरिकेने घरगुती रंगांतलं शिसं १९७८ साली बंद केलं, कित्येक देशांत ते त्यानंतरही चालू राहिलं. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते, आणि घरात तीन वर्षांचं मूल आहे. रंग उडालेल्या जुन्या वस्तूचा तो 'खास लुक' तुमच्या घरासाठी नाही.

मुलीचा विषय निघाला आहे तर सांगते, दोन मीटर उंच आणि ४८ सेंमी खोल कपाट, त्यात पुढच्या दाराला आरशाचं वजन, हे भिंतीला बांधल्याशिवाय घरात उभं करायचं नाही. मूल दाराला लोंबकळलं की ते पुढे येऊ शकतं. वरच्या दोन कोपऱ्यांत लोखंडी एल-पट्ट्या लावून भिंतीत पक्कं करा. स्क्रू बाजूच्या जाड चौकटीत जायला हवेत, पातळ पाठीत मारलेला स्क्रू ओढल्यासरशी निघतो. होय, जुन्या कपाटाला दोन भोकं पडतील. पडू देत. साइडबोर्ड बुटका आणि रुंद, तो सहज कलंडणार नाही, पण त्याचे ड्रॉवर ओढले की पूर्ण बाहेर येऊन पायावर पडतील. जुन्या ड्रॉवरना अडसर नसतो. सुताराला सांगून आतून छोटा लाकडी ठोकळा बसवून घ्या. टीव्हीही मागून पट्टीने भिंतीला बांधा.

कपाट घरात शिरेल का, हे विचारायचं राहिलंच. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, तुमच्या खोलीचं दार मोजा. बरीच मोठी जुनी कपाटं सुटी होतात. वरची कोरीव पट्टी उचलली जाते, आत पाचरी किंवा बोल्ट दिसतात, ते काढले की बाजू, पाठ, तळ वेगळे होतात. दुकानदारालाच तुमच्यासमोर एकदा सोडवून जोडायला सांगा. त्याला जमलं नाही तर तुमच्या हमालांनाही जमणार नाही. घरात ठेवताना बाहेरच्या ओल्या भिंतीपासून चार-पाच सेंमी पुढे ठेवा आणि एसीचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका. लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. एकदम कोरडं पडलं की दारांच्या फळ्यांना भेगा जातात.

तर घ्यायचं काय? साइडबोर्ड नक्की घ्या. टीव्ही, राउटर, किरकोळ सामान त्यातच बसतं. कप्प्याची आतली उंची ३४ भरली तर फायलीही बसतात. पाय असल्याने खालून झाडता येतं आणि छोटी खोली भरल्यासारखी वाटत नाही. कपाट त्याच्या भिंतीला आणि तुमच्या पांघरुणांना मापाने जुळत असेल, कीड नसेल आणि सुटं होत असेल तरच घ्या. तीनपैकी एक अट चुकली तर सोडा. नवऱ्याचंही ऐका. स्वयंपाकघर, चपला आणि छतापर्यंतची भिंत या तीन ठिकाणी जुनं फर्निचर हरतं, तिथे मॉड्युलरच बरं. बैठकीच्या खोलीत तुमची एकच मोठी जुनी वस्तू असू दे, तिच्याभोवती मोकळी भिंत सोडून. तीन जुन्या वस्तू एका छोट्या खोलीत आल्या की त्या गोदामात आल्यासारख्या दिसतात.

पेटारा खेळण्यांसाठी तुम्ही मनात धरलाय, हे पत्रात लिहिलं नाहीत तरी कळतं. तो विचार सोडा. जड झाकण बोटांवर किंवा डोक्यावर पडतं, हा एक भाग. दुसरा अधिक गंभीर. जुन्या पेटाऱ्यांत काही वेळा झाकण बंद होताच आपोआप लागणारा खटका असतो, तो आतून उघडत नाही, आणि लपाछपी खेळताना आत शिरलेली मुलं गुदमरून दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. खेळण्यांना झाकण नसलेल्या टोपल्या साइडबोर्डच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मुलगी स्वतः काढेल आणि कदाचित परतही ठेवेल. पेटाऱ्यावर मन फारच बसलं असेल तर पुढे कधीतरी पलंगाच्या पायथ्याशी पांघरुणांसाठी घ्या. पण दुकानातून उचलण्याआधी तो खटका तिथेच काढून घ्या आणि झाकणाला मध्येच थांबणारा आधार बसवून मागा. दुकानदार 'नंतर पाठवतो' म्हणाला तर पेटाराही नंतरच पाठवायला सांगा.